इंटमध्ये न मावणारे आकडे: इंटिजर ओव्हरफ्लोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नव्याने जॉइन झालेल्या मुलामुलींचा कोड तपासते आणि एक गोष्ट सारखी दिसते, स्ट्रिंगमधून, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या ओळीतून, आकडा काढणं सगळ्यांना अगदी किरकोळ काम वाटतं आणि नेमकी तिथेच गाडी घसरते. आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावला नाही की त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, आणि तेव्हा प्रोग्राम ओरडत नाही, पडत नाही, चुकीचा आकडा घेऊन गुपचूप पुढे जातो आणि आपल्याला महिन्याभराने कुठल्यातरी रिपोर्टमध्ये कळतं. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

मोबाईल नंबर टाकला ९९९९९९९९९९ आणि प्रोग्रामने छापलं १४१००६५४०७. हा नंबर आला कुठून?

तुम्ही तो इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक (इंटिजर) ठेवायच्या नेहमीच्या टाइपमध्ये, घेतलात म्हणून. आजच्या बहुतेक मशीनवर इंट ३२ बिटचा असतो (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे २१४ कोटी आणि वर थोडे. आपल्याकडचे मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळ्यात छोटा धरला तरी तो ६०० कोटींचा झाला, मग मावणार कसा? अनसाइन्ड, म्हणजे मायनस आकडे न ठेवणारा टाइप, केलं तरी हद्द ४२९ कोटींपर्यंतच जाते. भारतातला एकही मोबाईल नंबर ३२ बिटमध्ये बसत नाही, एकही नाही.

आता तो १४१००६५४०७ कुठून आला ते. ३२ बिटच्या वरचे बिट ठेवायला जागाच नसते, ते गळून पडतात, आणि बिट गळणं म्हणजे २ चा ३२ वा घात, ४२९४९६७२९६, जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा वजा करणं. ९९९९९९९९९९ मधून तो दोनदा वजा करा, बरोब्बर १४१००६५४०७ उरतात. उरलेला आकडा २१४ कोटींच्या वर असला तर साइन्ड, म्हणजे मायनस आकडेही ठेवणाऱ्या, इंटमध्ये तो मायनस दिसतो, खाली असला तर प्लस दिसतो, म्हणून कधी मायनस येतं आणि कधी येत नाही. एकदा कागदावर करून बघा, नंतर ही गोष्ट जादूटोण्यासारखी वाटत नाही.

मग मोबाईल नंबर लाँग नावाच्या मोठ्या टाइपमध्ये घेऊ का?

नको, स्ट्रिंग ठेवा. मी एकच विचारते, या आकड्याची कधी बेरीज वजाबाकी करणार आहात का? दोन मोबाईल नंबरांची बेरीज कुणी करत नाही, आधार नंबरची सरासरी कुणी काढत नाही, बँकेच्या खाते क्रमांकाला कुणी दोनाने गुणत नाही. ही सगळी नावं आहेत, फक्त आकड्यांनी लिहिलेली. खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असतात ते इंटिजर केल्यावर उडतात, मोबाईलच्या आधी +९१ येतं, मधे स्पेस येते, हे सगळं स्ट्रिंगमध्ये नीट राहतं आणि ओव्हरफ्लोचा प्रश्नच उद्भवत नाही. निम्मे बग इथेच संपतात हा माझा अनुभव आहे.

कुठल्या टाइपमध्ये किती मावतं?

१६ बिट साइन्डमध्ये ३२,७६७ पर्यंत, ३२ बिटचं वर सांगितलं, ६४ बिट साइन्डमध्ये ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत म्हणजे १९ आकडी, आणि ६४ बिट अनसाइन्डमध्ये १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पर्यंत म्हणजे २० आकडी. साइन्डच्या मायनस बाजूला हद्द एकाने जास्त असते, म्हणजे ३२ बिटमध्ये −२१४७४८३६४८ पर्यंत, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वतः पार्सर, म्हणजे स्ट्रिंग वाचून आकडा बनवणारा कोड, लिहायचाय, एकेक आकडा घेऊन दहाने गुणायचं आणि अंक मिळवायचा. ओव्हरफ्लो कुठे आणि कसा पकडू?

गुणायच्या आधी. हेच खरं उत्तर आहे, बाकी सगळं त्याचा तपशील. इंटरव्ह्यूला विचारतात तेव्हा पण बहुतेक जण आधी गुणतात आणि मग बघत बसतात की काही गडबड झाली का, पण तोपर्यंत खरा आकडा हातातून गेलेला असतो, मशीनकडे तो आता कुठेच नाही.

समजा आतापर्यंत जमलेला आकडा म्हणजे उत्तर, पुढे आलेला आकडा म्हणजे अंक, आणि टाइपची हद्द म्हणजे कमाल. आपल्याला विचारायचंय की उत्तर × १० + अंक हा कमालच्या बाहेर जाईल का, पण ते गुणून विचारायचं नाही, उलट बाजूने विचारायचं:

जर उत्तर > (कमाल − अंक) / १० तर थांबा, मावत नाही.
नाहीतर उत्तर = उत्तर × १० + अंक.

भागाकार पूर्णांकातला धरायचा, बाकी सोडून द्यायची. इथे सगळी वजाबाकी आणि भागाकार हद्दीच्या आतच होतात त्यामुळे तपासणीच फुटायची भीती नाही. आता २१४७४८३६४८ वर चालवून बघू, हा हद्दीपेक्षा फक्त एकाने मोठा आहे. पहिले नऊ आकडे घेतले की उत्तर होतं २१४७४८३६४. पुढचा अंक ८. कमालमधून ८ गेले, २१४७४८३६३९ राहिले, दहाने भागले तर २१४७४८३६३. आपलं उत्तर त्याच्यापेक्षा मोठं आहे, थांबा. तेच शेवटचा अंक ७ असता तर भागाकार २१४७४८३६४ आला असता, उत्तर त्याच्याइतकंच आहे, मोठं नाही, म्हणजे चालतं. एका अंकाचा फरक आणि तपासणी अचूक पकडते.

पण गुणल्यावर आकडा मायनस झाला का बघितलं तर पुरत नाही का? किंवा आधीपेक्षा लहान झाला का?

नाही पुरत, आणि यात खूप जण फसतात म्हणून सविस्तर लिहिते. परत तोच ९९९९९९९९९९ घ्या. ९ हा अंक नऊ वेळा घेतला की उत्तर ९९९९९९९९९, हे ३२ बिटमध्ये आरामात मावतं. आता दहावा ९ आला, गुणाकार ओव्हरफ्लो झाला आणि हातात आला १४१००६५४०७. हा मायनस आहे का? नाही. आधीच्या ९९९९९९९९९ पेक्षा लहान आहे का? तेही नाही, मोठाच आहे. म्हणजे दोन्ही तपासण्या पास, आणि आकडा साफ चुकीचा. बेरजेत ही युक्ती कधीकधी चालते कारण बेरीज एकच फेरा मारते, दहाच्या गुणाकारात मात्र आकडा दोन-चार फेरे मारून कुठेही उतरू शकतो.

सी आणि सी++ वाल्यांसाठी आणखी वाईट बातमी आहे. साइन्ड ओव्हरफ्लो तिथे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल हे भाषा ठरवतच नाही, आणि कंपायलर (कोडपासून मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम बनवणारा) असं धरून चालतो की हे कधी होणारच नाही. मग तुम्ही लिहिलेली "अ + १ हा अ पेक्षा लहान आहे का" ही तपासणी त्याला निरर्थक वाटते आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना तो ती चक्क काढून टाकू शकतो. डीबग बिल्डमध्ये (तपासायच्या प्रतीत) चालतं आणि रिलीजमध्ये (लोकांना द्यायच्या प्रतीत) चालत नाही ही तक्रार घेऊन लोक येतात त्यातल्या बऱ्याच वेळा हेच असतं. अनसाइन्डला ही अडचण नाही, तिथे गोल फिरणं भाषेनेच ठरवून दिलंय.

सगळे आकडे बरोबर येतात, फक्त −२१४७४८३६४८ ला एरर येतो. का?

कारण तुम्ही आधी प्लसमध्ये आकडा बनवताय आणि शेवटी मायनस लावताय, आणि प्लस २१४७४८३६४८ तर मावतच नाही. मायनस बाजूला एक जास्त मावतो म्हणाले होते ना, तो हाच. यावर जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीने केलेला उपाय मला फार आवडतो, तिथला स्ट्रिंगचा इंट करणारा पार्सइंट पूर्ण आकडा मायनस बाजूलाच जमवत जातो, उत्तर × १० मधून अंक वजा करत, आणि प्लस हवा असेल तर शेवटी चिन्ह उलटं करतो. मोठ्या बाजूला काम केलं की छोटी बाजू आपोआप बसते. लायब्ररीचा सोर्स उघडून ती चाळीसेक ओळींची फंक्शन वाचाच.

मोठ्या टाइपमध्ये जमवून शेवटी एकदाच तपासलं तर?

३२ बिटचं उत्तर हवंय आणि ६४ बिटमध्ये जमवताय हे ठीक आहे, सोपं आहे, वाचायलाही बरं. पण तपासणी लूपच्या आत, प्रत्येक अंकानंतर करायची. शेवटी केली आणि कुणी तीस आकडी स्ट्रिंग दिली तर ६४ बिट पण भरून वाहणार आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

नुसती स्ट्रिंगची लांबी मोजली तर चालेल का? दहापेक्षा जास्त आकडे असले की एरर.

दहा आकड्यांमध्ये मावणारे पण आहेत आणि न मावणारे पण आहेत, त्यामुळे अर्धवटच. शिवाय ००००००००००००४२ हा चौदा आकडी दिसतो पण आहे बेचाळीस. सुरुवातीचे शून्य काढून मग लांबी बघितली तर पहिली चाळणी म्हणून चालेल, एवढंच.

सी मध्ये स्ट्रिंगचा इंट करणारं ए टू आय (atoi) वापरू की नको?

बाहेरून आलेल्या इनपुटवर नको, अजिबात नको. आकडा मावला नाही तर काय होईल हे स्टँडर्ड सांगतच नाही, आणि स्ट्रिंगमध्ये आकडा नसला तर शून्य देतं, मग खरंच शून्य आला की कचरा आला हे कळायला मार्ग नाही. कॉलेजच्या पुस्तकात असतं म्हणून आपण सगळे तेच शिकतो पण नोकरीत ते विसरायचं. स्कॅनएफला (scanf) टक्के डी (%d) देऊन वाचलं तरी न मावणाऱ्या आकड्याची तीच अवस्था.

त्याऐवजी स्ट्रटोल (strtol) किंवा स्ट्रटोलएल (strtoll) वापरा, पण नीट वापरा. बोलवायच्या आधी एर्नो (errno, एररचा कोड जिथे राहतो ती जागा) शून्य करायचा, कारण तो जुना एरर स्वतःहून पुसत नाही. मग बोलवायचं आणि एंड पॉइंटर, म्हणजे वाचन कुठे थांबलं त्याची खूण, घ्यायचा. आकडा मावला नाही तर हद्दीचा आकडा परत येतो आणि एर्नो ईरेंज (ERANGE, म्हणजे हद्दीबाहेर) होतो, नुसता हद्दीचा आकडा आला म्हणून ओव्हरफ्लो समजू नका, युजरने खरंच तोच आकडा दिलेला असू शकतो, एर्नो बघायचाच. एंड पॉइंटर जागचा हलला नसेल तर आकडा नव्हताच, आणि तो स्ट्रिंगच्या शेवटी पोचला नसेल तर मागे काहीतरी चिकटलेलं आहे, १२३अबक सारखं.

दोन खड्डे अजून. लाँग हा टाइप ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचाच, त्यामुळे एकाच कोडचं दोन मशीनवर वेगळं वागणं बघून गोंधळून जाऊ नका. आणि अनसाइन्डवाला स्ट्रटोयूएल "-१" आनंदाने स्वीकारतो आणि तुम्हाला टाइपचा सगळ्यात मोठा आकडा देतो, एरर न देता. मायनस चिन्ह आधी स्वतः तपासा.

गुणाकार बेरीज स्वतः करायची असेल तर जीसीसी आणि क्लँगमध्ये ओव्हरफ्लो सांगणारी बिल्टइन फंक्शन्स आहेत, आणि सी२३ मध्ये ती स्टँडर्डमध्येच आलीत, सीकेडी नावाने सुरू होणारी.

सी++ मध्ये?

स्ट्रिंगचा इंट करणारं एसटीओआय (stoi) एक्सेप्शन, म्हणजे पकडला नाही तर प्रोग्राम पाडणारा एरर, फेकतं, आउट ऑफ रेंज नावाचं, ते पकडा. वेग हवा असेल तर सी++१७ पासूनचं फ्रॉम-कॅर्स (from_chars) बघा, एक्सेप्शन नाही, लोकॅल (देश-भाषेची सेटिंग) नाही, एरर कोड सरळ हातात. मला तरी आता तेच आवडतं.

जावामध्ये तर पार्सइंट एक्सेप्शन देतो, मग जावावाल्यांनी का काळजी करायची?

पार्स करताना देतो, पुढचं गणित करताना देत नाही. आकडा बरोबर वाचला आणि पुढच्याच ओळीत शंभराने गुणला की ओव्हरफ्लो गुपचूप. जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये ॲडएक्झॅक्ट, मल्टिप्लायएक्झॅक्ट, टूइंटएक्झॅक्ट आहेत, ते वापरा, ते ओरडतात. लाँगला कंसात इंट लिहून बदललं की वरचे बिट गळतात आणि कुणी काही बोलत नाही, बिगइंटिजर आणि बिगडेसिमल या कितीही मोठे आकडे ठेवणाऱ्या टाइपचा इंटव्हॅल्यू पण तसाच, त्यांचा इंटव्हॅल्यूएक्झॅक्ट घ्यायचा.

आणखी एक, पार्सइंटचं नंबरफॉरमॅट एक्सेप्शन कचऱ्यालाही येतं आणि मोठ्या आकड्यालाही तेच येतं. युजरला "कृपया आकडा टाका" असा मेसेज दाखवता आणि त्या बिचाऱ्याने आकडाच टाकलेला असतो, फक्त मोठा. वेगळा मेसेज द्यायचा असेल तर आधी बिगइंटिजरमध्ये वाचा आणि मग हद्द तपासा.

जावास्क्रिप्टमध्ये ओव्हरफ्लो होतच नाही असं ऐकलंय, मग माझ्या आयडीचा शेवटचा आकडा का बदलतो?

तिथे वेगळा आजार आहे, आकडा फिरत नाही तर झिजतो. जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर म्हणजे ६४ बिटचा फ्लोटिंग पॉइंट, दशांशाचे आकडे ठेवायचा टाइप, त्यात पूर्णांक अचूक राहतात ते ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच, त्यापुढे शेजारचे आकडे एकमेकांत मिसळायला लागतात. ९००७१९९२५४७४०९९३ पार्स करून बघा, ९००७१९९२५४७४०९९२ मिळेल. ना एरर ना वॉर्निंग.

हे सगळ्यात जास्त जेसनमध्ये (JSON, सर्व्हर आणि ब्राउझर एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा साचा) चावतं. सर्व्हरने ६४ बिट आयडी नंबर म्हणून पाठवला, ब्राउझरने जेसन पार्स केला, शेवटचे एकदोन आकडे बदलले, आणि मग तुम्ही त्या आयडीने दुसऱ्याचंच रेकॉर्ड मागताय. ट्विटरने २०१० मध्ये मोठे आयडी आणले तेव्हा याच कारणासाठी जेसनमध्ये आयडीच्या बरोबरीने स्ट्रिंगमधला आयडी पण द्यायला सुरुवात केली होती. उपाय तोच, आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. गणित करायचं असेल तर कितीही मोठा पूर्णांक ठेवणारा बिगइंट आहे, पण तो थेट स्ट्रिंगपासून बनवा, आधी नंबर करून मग बिगइंट केलं तर झिजलेलाच आकडा मोठ्या डब्यात ठेवल्यासारखं होतं. आणि बिगइंट जेसनमध्ये तसाच लिहायला गेलात तर एरर येतो, आधी स्ट्रिंग करावी लागते.

पायथनमध्ये कितीही मोठा आकडा चालतो, मग पायथनवाल्यांना सुट्टी?

भाषेच्या इंटला हद्द नाही हे खरं. पण त्याची किंमत असते, दशमान स्ट्रिंगमधून प्रचंड आकडा बनवायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे कुणी मुद्दाम लाखो आकड्यांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर अडकवू शकत होतं. म्हणून २०२२ मध्ये पायथनने हद्द घातली, आता डीफॉल्टने ४३०० पेक्षा जास्त आकड्यांची दशमान स्ट्रिंग दिली की व्हॅल्यूएरर येतो. जुना कोड अचानक पडायला लागला असेल तर हे कारण असू शकतं. हद्द वाढवता येते पण बाहेरच्या इनपुटसाठी वाढवू नका.

आणि आकडेमोडीच्या नमपाय, पांडाज या लायब्ररी वापरता ना? नमपायच्या ॲरेमधले इंट ठरावीक बिटांचेच, बहुतेकदा ३२ किंवा ६४, ते सी सारखेच गुपचूप फिरतात. विंडोजवर तर नमपाय २ च्या आधी डीफॉल्ट इंट ३२ बिटचा होता. पांडाजमध्ये आयडीच्या कॉलममध्ये एक जरी रिकामी जागा असली की पूर्ण कॉलम डीफॉल्टने फ्लोट होतो आणि १६ आकड्यांच्या पुढचे आयडी झिजतात. सीएसव्ही वाचतानाच तो कॉलम स्ट्रिंग म्हणून वाचायला सांगा.

गो आणि रस्ट?

दोन्ही बरी आहेत. गोचा पार्सइंट बिट किती हे विचारतो आणि मावलं नाही तर एरर देतो, पण सोबत हद्दीचा आकडा पण देतो, त्यामुळे एररकडे दुर्लक्ष केलं की तो आकडा घेऊन पुढे जाल. रस्टमध्ये पार्स रिझल्टच देतो, म्हणजे आकडा नाहीतर एरर, आणि ओव्हरफ्लो तपासणारे चेक्ड-मल, चेक्ड-ॲड आहेत. मात्र रस्टमध्ये साध्या गुणाकाराचा ओव्हरफ्लो डीबगमध्ये पॅनिक होतो (प्रोग्राम थांबतो) आणि रिलीजमध्ये डीफॉल्टने फिरतो, हे माहीत असू द्या, आणि ॲज लिहून टाइप बदलला तर बिट गळतातच.

डेटाबेसमध्ये शेकडो लोकांचा मोबाईल नंबर २१४७४८३६४७ आहे. एवढ्या लोकांकडे एकच नंबर?

कॉलम इंट आहे आणि तुमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा डेटा नाकारायच्या सेटिंगमध्ये) नाही. तसं असलं की मायएसक्यूएल मोठा आकडा नाकारत नाही, कापून हद्दीवर आणून ठेवतो आणि फक्त वॉर्निंग देतो जी कुणी वाचत नाही. खरे नंबर गेले, ते परत मिळत नाहीत, बॅकअप किंवा लॉगमध्ये असतील तरच. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डीफॉल्ट आहे पण जुन्या सेटिंग तशाच पुढे आणल्या असतील तर तपासा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सरळ एरर देतो आणि मला तेच योग्य वाटतं.

पैशांसाठी इंट वापरायला सांगतात, फ्लोट नको म्हणतात. मग पैशांत ओव्हरफ्लो?

पैसे म्हणजे अक्षरशः पैसे, रुपयाचे शंभर, आणि पूर्णांकात ठेवायचे हे बरोबरच आहे. पण ३२ बिटमध्ये पैसे ठेवले तर हद्द येते २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. सव्वादोन कोटी पण नाहीत. मी सुरुवातीला एका टीममध्ये होते तिथे फ्लॅटच्या व्यवहारांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर होतं, वर्षानुवर्षं नीट चाललं, कारण तोपर्यंत ते छोट्या शहरांमध्येच वापरलं जात होतं. मुंबईतले व्यवहार आले आणि अडीच कोटींचा फ्लॅट उणे १,७९,४९,६७२ रुपये ९६ पैशांना दिसायला लागला. मायनस आला म्हणून लगेच लक्षात तरी आलं. साडेचार कोटींचा फ्लॅट २० लाख ५० हजार ३२७ रुपयांना दिसत होता आणि तो एका माणसाने नुसता नजरेने पकडला, कारण त्याला त्या इमारतीतले भाव माहीत होते. तेव्हापासून पैसा म्हटला की मी ६४ बिट, नाहीतर डेटाबेसमध्ये डेसिमल, याशिवाय दुसरं काही मंजूर करत नाही.

युजर आकडा १,००,००० असा स्वल्पविराम घालून टाकतो, किंवा चक्क देवनागरीत टाकतो. मग?

स्वल्पविराम आला की जावास्क्रिप्टचा पार्सइंट आणि सीचा ए टू आय दोघंही पहिल्या स्वल्पविरामाला थांबतात आणि लाखाचं १ करतात, एकही एरर नाही. जावा आणि पायथन एरर देतात. आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीत तीननंतर दोन-दोन आकड्यांनी स्वल्पविराम येतो, त्यामुळे प्रत्येक तिसऱ्या आकड्याला स्वल्पविराम शोधणारा तयार कोड उचलू नका.

देवनागरीचं म्हणाल तर पायथनचा इंट आणि जावाचा पार्सइंट दोघंही १२३ देवनागरीत दिलं तरी बरोबर एकशे तेवीस वाचतात, खूप जणांना हे माहीतच नसतं. जावास्क्रिप्ट, सी, गो, रस्ट वाचत नाहीत. मराठी कीबोर्ड वापरणारे आपलेच लोक आहेत, त्यांना "चुकीचा आकडा" असा मेसेज दाखवणं मला पटत नाही, देवनागरी अंक आधी बदलून घ्या आणि मग पार्स करा. मात्र स्वतःच्या पार्सरमध्ये अक्षराच्या कोडमधून साध्या शून्याचा कोड वजा करून अंक काढत असाल तर देवनागरी अंकाला हजारोंमधला "अंक" मिळेल, म्हणून अंक ० ते ९ मध्ये आहे का हे आधी बघायचं.

एक्सेलमध्ये उघडल्यावर सोळा आकडी नंबरचा शेवट शून्य होतो.

एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूकता ठेवतं. सेव्ह केलं की खरा आकडा गेला. इम्पोर्ट करताना कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या, डबल क्लिक करून सीएसव्ही उघडू नका.

आकडा मावला नाही तर नेमकं करायचं काय? एरर देऊ, हद्दीवर थांबवू, की मोठा टाइप घेऊ?

हे कोडचं नाही, कामाचं ठरवणं आहे. पैसे, आयडी, मोजमाप, जिथे आकड्यावरून निर्णय होतो तिथे एररच, आणि एररमध्ये कुठल्या फील्डला काय आलं ते लिहा. आवाजाची पातळी किंवा रंगाची छटा असल्या गोष्टींत हद्दीवर थांबवणं योग्य, तिथे मायनसमध्ये उडी मारण्यापेक्षा ते बरं. आकडा खरोखरच मोठा असू शकतो, क्रिप्टोग्राफी किंवा फॅक्टोरियल, तर बिगइंट. आणि मोठा आहे म्हणून डबलमध्ये (६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये) घेऊ ही पळवाट नको, ५३ बिटांनंतर झीज सुरू होते.

फॅक्टोरियलचा प्रोग्राम १२ पर्यंत बरोबर येतो, १३ चं उत्तर पण प्लसच येतंय, तरी सर चूक म्हणतात.

सरांचं बरोबर आहे. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६००, मावतं. १३ चं ६,२२,७०,२०,८००, मावत नाही, तुम्हाला १,९३,२०,५३,५०४ दिसत असणार. ६४ बिट घेतलं तर २० पर्यंत जाल, २१ ला परत तेच.

याने सुरक्षेला खरंच धोका होतो का?

होतो. ४२९४९६७२९७ हा आकडा ३२ बिटमध्ये घेतला तर १ होतो. एका ठिकाणी परवानगी तपासताना ६४ बिट वापरलेत आणि दुसऱ्या ठिकाणी रेकॉर्ड काढताना ३२ बिट, तर तपासणी एका आयडीची होते आणि रेकॉर्ड पहिल्या युजरचं निघतं, जो बऱ्याचदा ॲडमिन असतो.

दुसरा प्रकार मेमरीचा. फाइलमधून किती नोंदी आहेत ते वाचलं, १०७३७४१८२५, प्रत्येकी ४ बाइट, गुणाकार ३२ बिटमध्ये केला तर उत्तर येतं ४. प्रोग्राम चार बाइट जागा मागतो आणि तिथे शंभर कोटींहून जास्त नोंदी लिहायला लागतो. इमेज आणि व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररींमध्ये या जातीचे बग वर्षानुवर्षं सापडत आलेत. पार्स केलेला आकडा मावला म्हणून काम संपत नाही, तो कामाच्या हद्दीत आहे का तेही तिथेच तपासायचं.

हे प्रत्यक्षात कुठे महागात पडलंय?

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलंच उड्डाण साधारण ४० सेकंदांत संपलं. ६४ बिट फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिट साइन्ड इंटिजरमध्ये बदलताना मावला नाही, एरर आला आणि तो सांभाळणारं कुणी नव्हतं. कोड एरियान ४ वरून तसाच उचललेला, तिथे तो आकडा कधी एवढा मोठा होतच नव्हता. मला या घटनेतलं हेच सगळ्यात जास्त लागतं, कोड बदलला नव्हता, इनपुट बदललं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये बिटकॉइनमध्ये दोन मोठ्या रकमांची बेरीज ओव्हरफ्लो झाली आणि १८ हजार कोटींच्या वर नाणी हवेतून तयार झाली, जेव्हा पूर्ण व्यवस्थेत २ कोटी १० लाखांच्या वर नाणी होणारच नाहीत असा नियम आहे. काही तासांत सुधारित सॉफ्टवेअर आलं आणि तो ब्लॉक बाद झाला. बोइंग ७८७ चं २०१५ मधलं, सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरचे कंट्रोल युनिट एकदम बंद पडू शकतात असा इशारा अमेरिकेच्या विमान नियामकाने दिला होता. २ चा ३१ वा घात घ्या, सेकंदाचे शंभरावे भाग समजा, २४८ दिवस आणि काही तास येतात.

पुढचा नंबर तारखांचा. ३२ बिटमध्ये १९७० पासूनचे सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर भरतात. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणारा कोड आजच त्या तारखेच्या पलीकडे जातो.

माझा पार्सर बरोबर आहे का हे कसं तपासू?

हद्दीवरचे आणि हद्दीला लागून असलेले आकडे द्या. ३२ बिट साइन्डसाठी २१४७४८३६४७ आणि −२१४७४८३६४८ पास व्हायला हवेत, २१४७४८३६४८ आणि −२१४७४८३६४९ ला एरर यायला हवा. मग ४२९४९६७२९६ द्या, तपासणी नसली तर शून्य येईल, ४२९४९६७२९७ द्या, एक येईल, ९९९९९९९९९९ द्या, तो मायनस शोधणाऱ्या तपासणीला चकवतो. ६४ बिटसाठी तेच चार हद्दीचे आकडे त्या हिशोबाने. रिकामी स्ट्रिंग, नुसतं मायनस, मायनस शून्य, चाळीस शून्यांनंतर एक सात, मागे चिकटलेलं अक्षर, आधी आणि नंतर स्पेस. सी किंवा सी++ असेल तर अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर लावून टेस्ट चालवा, साइन्ड ओव्हरफ्लो झाला की तो ओळ नंबरासकट सांगतो. आणि शेवटी हजार आकड्यांची एक स्ट्रिंग, सगळे ९, तिच्यावर एरर आला आणि लगेच आला तरच पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड सामील करून घ्यायची विनंती, पाठवा.